होडी असलेलं हॉटेल

फोनवर तीन हॉटेलं आली होती आणि रविवारपर्यंत त्यातलं एक सांगायचं होतं, आणि ते मी सांगायचं होतं. यांनीच तसं ठरवलं. बोलले, "तूच बघ. तुला जिथं भीती नाय वाटणार तिथं जाऊ. नायतर एवढ्या लांब जाऊन तू खोलीतच बसशील."

खोटं नव्हतं ते, म्हणून मला राग आला.

बोईसरला यांच्या कारखान्यात, यांच्या खात्यात, वर्षभर कोणाला भाजलं नाय, कोण पडलं नाय, म्हणून साहेबांनी खूश होऊन चिठ्ठ्या टाकल्या आणि तीन घरांत आमचं घर निघालं. अंदमान. नवरा, बायको, पोर, विमानानं जायचं, विमानानं यायचं, सगळं कंपनीचं. हे घरी आले ते चपला न काढताच आत आले आणि सांगितलं, आणि मी पहिलं काय विचारलं तर तिथं समुद्र किती लांब हाय. हे हसायलाच लागले. "अगं, बेट हाय ते. चारी बाजूला समुद्र."

चारी बाजूला. एका बाजूचा मला पुरत होता.

मी सफाळ्याच्या आतल्या बाजूची, भातवाल्यांच्या घरची. शाळा नववीत सुटली. मग बोईसरला पॅकिंगच्या कामाला लागले, तिथं आमचं जमलं. हे नवापूरचे, समुद्रावरचे. घरात मोठ्या भावाची होडी, सासू मासे घेऊन रोज बोईसरच्या बाजारात. लग्न झालं तेव्हा सासू बायकांना सांगायची, "शेतातली आणलीय त्यानं. मासा हातात दिला तर मासा घाबरतो का ही घाबरते, कळत नाय." मी हसायची, पण खरंच घाबरायची. माशाला नाय. समुद्राला. आमच्या शेतात लावणीला मी दिवसदिवस गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली हाय, पण ते पाणी एका जागी उभं असतं, तुमी त्याच्याकडे जाता. समुद्र आपल्याकडे येतो. आपण काय केलेलं नसतं तरी येतो.

आणि पोर माझी नेमकी उलटी. दोन वर्षांची होती, नवापूरला सासू मासे वेगळे करत बसलेली, मी बाजूला, आणि ही कधी उठली कोणाला कळलंच नाय. बघते तर पाण्याच्या कडेला, एक लाट येऊन तिच्या पावलांवरून गेली आणि ही टाळ्या वाजवतेय. मी अशी ओरडले, अशी ओरडले की सुकत टाकलेल्या मासळीवरचे कावळे उडाले, जाळी शिवणारे बाप्ये उठून उभे राहिले. मी धावत जाऊन तिला उचललं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग मीच रडायला लागले.

सासू तिथनं ओरडली, "अगो, पाणी हाय ते, वाघ नाय!"

सगळे हसले. त्याच्यानंतर नवापूरला मला कोणी बघितलं की विचारायचं, काय गो, वाघ कुठं हाय? पण मी पोरीला परत पाण्याजवळ जाऊ दिलं नाय. नाय म्हणजे नाय. ती चार वर्षांची झाली तरी कडेवरूनच समुद्र बघायची, आणि सारखं विचारायची, "आई, पाण्यात कदी?" मी बोलायची, "मोठी झाल्यावर."

यांचं वेगळंच. चिठ्ठी निघाली त्या संध्याकाळी आमी दारात बसलो होतो, समोर शिफ्टच्या बसमधून माणसं उतरत होती, आणि हे बोलले, "मला एकदा समुद्रात नुसतं पडायचं हाय."

"नुसतं म्हणजे?"

"नुसतं. जाळं नाय, दोर नाय, कोणी हाक मारत नाय. पाठीवर पडायचं आणि वर बघायचं."

"मग नवापूरला पडा की."

"नवापूरला पडलो तर लोक विचारतील, याचं काय बिनसलं?"

आणि खरंच हाय. आमच्याकडे समुद्रात कोण उगाच जात नाय. समुद्र म्हणजे कामाची जागा. तुमी कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन मशीनवर झोपता काय?

म्हणजे एकाला पाण्यात पडायचं होतं आणि एकीला पाण्यात खेळायचं होतं आणि मधे मी. मी नको बोलले तर दोघांचं राहणार होतं, हे मला कळत होतं. म्हणून मी ते फोटो बघायला लागले.

दुपारी पोर झोपली की मी भिंतीला टेकून बसायची, वर पंखा कुरकुरत असायचा, आणि मी फोटो मोठा करून आत जायची. खरंच आत जायची. पहिलं हॉटेल झोपाळ्याचं. दोन माडांच्या मधे जाळीचा झोपाळा बांधलेला, खाली पांढरी रेती, इतकी पांढरी की मला वाटायचं कोणीतरी तांदळाचं पीठ चाळून ठेवलंय. आणि पाणी हिरवं. आमच्याकडचा समुद्र मातीच्या रंगाचा, त्याच्यात काय हाय ते दिसत नाय. हा काचेचा. मी त्या झोपाळ्यात जाऊन पडायची, माडाची सावली तोंडावरून हलायची, आणि मग भाताचा कुकर शिट्टी द्यायचा आणि मी परत बोईसरला.

दुसरं होतं निळ्या टाकीचं. म्हणजे पोहायचा तलाव, पण मी टाकीच बोलायची. समुद्राच्या बाजूलाच एवढी मोठी निळी टाकी, तिच्यात पाणी भरून ठेवलेलं. मला कळेना, एवढा समुद्र पुढ्यात असताना टाकी कशाला. पण टाकीला चार भिंती होत्या. मला तीच बरी वाटायची. चिठ्ठीत निघालेल्या बाकीच्या दोन्ही घरांनी तीच पसंत केली होती. मी मनात तिच्या कठड्यावर बसायची, पाय सोडायची नाय.

तिसरं साधं. कौलारू खोल्या, पुढे व्हरांडा, रेती, आणि रेतीत एक होडी. निळी, लाल पट्ट्याची.

असे दिवस चालले होते. भाजी चिरताना मला पायाखाली रेती लागायची. धुणं पिळताना वाटायचं हे पाणी खारट हाय. मी कुठंच नव्हते, ना इथं ना तिथं, आणि मला ते आवडत होतं, कारण फोटोतला समुद्र येत नाय. तो तिथंच थांबतो. मला वाटायचं, फोटोच बघत बसावं, जायची काय गरज हाय?

शनिवारी बाजार उरकून सासू आली. मोकळी पाटी दारात पालथी घातली, पाय धुतले, चहा घेतला आणि बोलली, "कुठं चाललात ते दाखव तरी."

मी फोन पुढे धरला. सासूनं झोपाळ्याचं हॉटेल बघितलं. डोळे बारीक करून लांब धरलं, जवळ धरलं.

"यात माणूस कुठं हाय?"

"तीच तर मजा हाय आई. रिकामा किनारा हाय. लोक त्याच्यासाठीच जातात."

"रिकामा कशाला असंल? चांगला असता तर कोणीतरी होडी लावली असती की." तिनं मान हलवली. "नको. जिथं होडी नाय तिथं काहीतरी वाईट हाय. खाली दगड असंल, नायतर पाणी ओढत असंल. दुसरं दाखव."

टाकी बघून ती एवढी हसली की चहा सांडला. "समुद्र बघायला समुद्रावरनं चालले, आणि तिथं जाऊन टाकीत बसणार! आमच्या गच्चीवर टाकी हाय, तिच्यात बस, वर कशाला जाते इमानात?"

मग तिसरं. फोन मांडीवर ठेवून वाकून बघायला लागली, आणि मला पहिल्यांदा दिसलं की होडीकडे बघताना सासूचं तोंड कसं होतं. बाळंतिणीच्या खोलीत गेलेल्या बाईसारखं.

"ही बघ. रेतीवर ओढलीय, दगडावर नाय. नाक वर, शेपूट पाण्याकडे. म्हणजे रोज काढतात, रोज घालतात. आजूबाजूची रेती कोरडी हाय, म्हणजे भरतीचं पाणी इथवर चढत नाय. इथलं पाणी शाणं हाय."

"शाणं म्हणजे आई?"

"शाणं म्हणजे शाणं. माणसाला घरी सोडतं." आणि फोन मला परत दिला. "रंग बघ कसा ताजा ठेवलाय. मालकाच्या घरची बाई चांगली असणार."

हे संध्याकाळी आले, यांनी पण बघितलं, आणि आईनं सांगितलं म्हटल्यावर यांना पण पटलं. होडीच्या घरात वाढलेला माणूस, यांना रिकाम्या किनाऱ्याचं काय कौतुक. तरी माझ्या मनाला धीर नव्हता. मी वरच्या मजल्यावरच्या भाभीला सोबत घेऊन हॉटेलला फोन लावला. हिंदी माझी पॅकिंगमधली.

"भैया, पानी कितना पीछे जाता हय?"

"मॅडम, पानी चौबीस घंटे आता है. गरम भी."

भाभी तोंडावर पदर धरून हसायला लागली. मी विचारलं, "वो नीली नाव किसकी हय?"

"नाव होटल की है मॅडम."

"रोज निकालते क्या?"

"सारे गेस्ट उसी में बैठते हैं मॅडम. बच्चे भी."

बच्चे भी. माझा जीव भांड्यात पडला. रविवारी मी सांगितलं, होडीचं.

थंडीत गेलो. विमानाचं मी काय सांगू, मी डोळे मिटून बसले आणि पोर खिडकीतून ढगांना हात करत होती. मोठ्या बेटावर उतरलो, तिथनं लहान बेटावर जायला बोट होती, ती सगळी वाट मी पोरीला पोटाशी धरून बसले आणि हे वर जाऊन खलाशाला इंजिनाचं विचारत होते. उतरलो तर वारा असा मऊ, आमच्याकडे थंडीत सकाळी अंग काकडतं, इथं कोणी कोमट ओला कपडा तोंडावरून फिरवावा तसं वाटायचं. झाडं एवढी उंच की त्यांच्या खालून चालताना आपण बोलत नाय. झाडं संपली आणि समोर ते पाणी. फोटोपेक्षा हिरवं. मी थांबलेच. मला वाटलं हे हलतंय म्हणजे काहीतरी चुकलंय, फोटोत हलत नव्हतं.

आणि व्हरांड्याच्या पुढे होडी.

हे आधी तिकडेच गेले. सामान पण टाकलं नाय. तिच्या अंगावर हात ठेवला, मग बोटाच्या सांध्यांनी ठोकलं. वाकून खाली बघितलं. परत ठोकलं. आणि मग हळूहळू रेतीत खाली बसले आणि हसायलाच लागले.

"काय झालं?"

"अगं, ही सिमेंटची हाय."

मी जवळ गेले. आत माती भरलेली, तिच्यात लाल फुलांची झाडं, मधे दोन बाकडी, कडेनं दिव्यांची माळ. एक नवीन लग्न झालेलं जोडपं बाकड्यावर बसून फोटो काढत होतं. सारे गेस्ट उसी में बैठते हैं. त्या माणसानं काय खोटं सांगितलं नव्हतं.

"ही समुद्रात कदी गेलीच नाय," हे डोळे पुसत बोलले. "हिचा जन्मच इथं झालाय. आईला सांगू नको, आई जेवायची नाय."

मला हसू येईना. तुमाला वाटंल एवढं काय त्याचं. पण मी तीन हॉटेलांतून ते हॉटेल कशावर घेतलं होतं? खोल्यांवर नाय, जेवणावर नाय. त्या होडीवर. कोणीतरी रोज या पाण्यात जातो आणि रोज घरी येतो, एवढ्यावर. आता तो कोणीतरी नव्हताच. पाणी तेवढं राहिलं, आणि त्याची हमी द्यायला कोण नाय.

मी पोरीचा हात धरला आणि व्हरांड्यात जाऊन बसले. तो दिवस तसाच गेला आणि दुसरा पण. समोर पाण्यात लांब दोरी बांधलेली, तिच्या आत लोक उतरत होते, लहान मुलं पण, शिट्टीवाला माणूस उभा होता. मला ते सगळं दिसत होतं आणि पाय हलत नव्हते. हे एकदा गेले. पाठीवर पडले, जसं बोलले होते तसं. मी बघत होते. थोड्या वेळानं मान वळवून आमच्याकडे बघितलं, मग परत आकाशाकडे, मग परत आमच्याकडे, आणि उठून आले. अंगावरनं पाणी गळत होतं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," बोलले. पण तोंडावर झालं नव्हतं.

पोर कठड्याला धरून उभी राहायची. पहिल्या दिवशी विचारत होती, "आई, आता मोठी झाले काय?" दुसऱ्या दिवशी विचारलं नाय. मला बरं वाटलं, वाटलं विसरली. मग मी आत कपडे घड्या करत होते तर बाहेर तिचा आवाज आला. हॉटेलची लहान उशी तिनं मांडीवर घेतली होती आणि तिला थोपटत होती.

"आपण नाय जायचं हा. पाणी चावतं. आपण इथंच बसायचं. आई ओरडंल."

माझ्यासारखं बोलत होती. माझाच आवाज, माझाच तो दम लागलेला सूर. टाळ्या वाजवणारी पोर होती ती. मी दारातच उभी राहिले, हातात तिचा फ्रॉक. मी तिला पाण्यापासून लांब ठेवायला निघाले होते, आणि दोन दिवसांत मी तिला काय देऊन टाकलं होतं ते मला त्या उशीवर दिसलं.

मी सासूला फोन लावला. बाजाराचा गलका ऐकू आला.

"आई, होडी खोटी हाय."

"काय हाय?"

"खोटी. सिमेंटची. झाडं लावलीत तिच्यात."

ती कोणाला तरी बोलली, थांब गो बाई, सुनेचा फोन हाय, पापलेटाला हात लावू नको. मग मला, "झाडं?"

"लाल फुलांची."

"मेल्यांनो," बोलली, "होडीत फुलं लावतात होय."

"आई, मग आता सांगा, उतरू का नको? पोरीला नेऊ का नको?"

"मला काय विचारते गो? मी कदी उतरलेय?"

मला वाटलं मस्करी करतेय. "तुमी? तुमी तर जन्मापासनं समुद्रावर."

"कमरेएवढ्या पाण्यात जाऊन पाट्या आणल्या. डोक्यावर ओझं, लुगडं खोचलेलं, डोळे पायाखाली. धुवून झालं का घरी. पाण्यात बसले कदी नाय. उगाच कोण बसतं?" परत गलका आला, मला वाटलं फोन ठेवला. पण ती हळू आवाजात बोलली, मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "आत बसल्यावर कसं वाटतं गो? थंड लागतं काय?"

"मला नाय माहीत आई."

"मग बसून बघ आणि मला सांग. दोघींतनं एकीला तरी कळू दे." आणि लगेच, "आली, आली, पापलेट ना?" आणि फोन कट.

मी पोरीला यांच्याकडे दिलं. बोलले, कडेला उभे राहा, आधी मी एकटी जाते.

ऊन उतरत होतं. पाणी पहिल्यांदा पावलांवर आलं तेव्हा मी डोळे मिटले. मग पोटऱ्या. मग गुडघे. ड्रेस पाण्यावर फुगला माझ्याभोवती, पिवळा, एखाद्या मोठ्या फुलासारखा, आणि तो मला ओढत नव्हता, उलट धरून ठेवल्यासारखा वाटत होता. आणखी पुढे गेले असते तर धीर संपला असता, म्हणून मी तिथंच बसले. धपकन. पाणी खांद्यापर्यंत आलं आणि थंड नव्हतं. अंगाएवढंच कोमट होतं. मला कळेना मी कुठं संपते आणि ते कुठं सुरू होतं. ते यायचं आणि मी थोडी वर व्हायची, ते जायचं आणि मी खाली बसायची, कोणी पाळण्यात घातल्यासारखं, आणि मला कोण पाळण्यात घालणार होतं या वयात? खाली माझे पाय दिसत होते, हिरवे, लांब, दुसऱ्याच कोणाचे. एक बारीक माशांचा थवा आला, माझ्या गुडघ्याला वळसा घालून गेला. मी ओरडले नाय. मी किती वेळ बसले मला माहीत नाय. भीती गेली नव्हती, भीती माझ्या बाजूलाच बसली होती, पण ती पण गप्प होती.

मागनं आवाज आला. "आई, चावलं काय?"

पोर कडेला उभी. यांचा हात धरून, पाय रेतीत घट्ट.

"नाय," मी बोलले.

"थोडं पण नाय?"

"थोडं पण नाय. ते चाटतं."

"कुठं?"

"इथं. मानेला."

ती विचार करत उभी राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि एक लाट आली, तिच्या पावलांवरनं गेली, आणि ती दचकून मागे झाली, मग पुढे आली, मग परत मागे. मी उठून गेले. तिचा हात यांच्या हातातनं माझ्या हातात घेतला. यांना बोलले, "जा, पडा जाऊन." हे गेले. या वेळी मान वळवली नाय.

आमी दोघी आत चाललो. तिच्या गुडघ्याला पाणी लागलं तसं ती किंचाळली, आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं की ते घाबरलेलं किंचाळणं नव्हतं. मी तिचा हात पाची बोटांनी घट्ट धरला होता. ती खाली बसली, पाणी तिच्या छातीशी, तिनं दोन्ही हातांनी पाणी उडवायचं म्हणून माझा हात हलवला.

"आई, सोड ना."

मी तिच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. मी दोन बोटं सोडली. बाकीची तीन धरून ठेवली, आणि ती एकाच हातानं पाणी उडवायला लागली.